जिचे छायाचित्र, तिचे म्हणणे

कलात्मक नग्नचित्रणात कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्या माणसाला आपण कसे दिसावे असे वाटते, याचे उत्तर बहुतेक पुस्तकांत छायाचित्रकाराच्या तोंडून मिळते. रेषा, पोत, छायाप्रकाश, देहाची घडण हे सगळे त्याचे शब्द. मॉडेलने स्वतः लिहून ठेवलेले फार थोडे हाती लागते. जे लागते ते वाचताना मात्र आश्चर्य वाटते, कारण प्रेक्षक जिथे अडखळतो तिथे मॉडेल अडखळत नाही. अंग किती दिसले हा तिच्या दृष्टीने आधीच मिटलेला विषय असतो. तो मिटल्याशिवाय ती तिथे आलेलीच नसते. तिची घासाघीस चालते ती इतर बाबींवर. चेहरा ओळखू यावा का, कोणता प्रिंट ठेवायचा आणि कोणता बाद करायचा, तो पुढे कुणाच्या हाती जाणार, खाली नाव लागणार की नुसतेच ‘न्यूड’.

या बाबतीतली सर्वांत भरघोस साक्ष कॅरिस विल्सनची आहे. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन याच्यासमोर ती १९३४ मध्ये पहिल्यांदा बसली तेव्हा जेमतेम विशीतली होती आणि तो अठ्ठेचाळीसचा. पुढची दहा-बारा वर्षे दोघे बरोबर राहिले. १९३९ मध्ये लग्न झाले, १९४६ मध्ये घटस्फोट. या काळातले १९३६ चे एक चित्र छायाचित्रणाच्या इतिहासाच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात असते. दारात जमिनीवर बसलेली तरुणी, गुडघे जवळ घेतलेले, हातांचा वेढा पायांभोवती, मान खाली, चेहरा लपलेला. मागे खोलीचा अंधार, अंगावर प्रखर ऊन. समीक्षकांनी या खाली घातलेल्या मानेत शरणागती पाहिली, कुणी लज्जा पाहिली, कुणी आत्ममग्नता.

कॅरिसने सांगितलेली हकिगत साधी आहे. सांता मोनिकातल्या घरात ती झोपायच्या खोलीच्या दारात बसली होती आणि ऊन थेट डोळ्यांवर येत होते. ते चुकवायला तिने मान खाली घातली. वेस्टन म्हणाला, अशीच राहा. लज्जा, शरणागती वगैरे सगळे नंतरचे. चित्राबद्दल दोघांच्या तक्रारी होत्या, पण वेगवेगळ्या. त्याला उजव्या हातावर पडलेली सावली अखेरपर्यंत खटकत राहिली. तिला खटकत राहिला तो केसांचा वाकडा भांग आणि केसांत दिसणाऱ्या पिना. जगप्रसिद्ध नग्नचित्रातल्या बाईचे गाऱ्हाणे भांग सरळ नसल्याचे असावे, यावर हसू येते खरे. पण विचार केला तर यात नवल काहीच नाही. भांग आणि पिना ही त्या चित्रातली तिच्या रोजच्या नीटनेटकेपणाची एकमेव खूण होती, आणि नेमकी तीच विस्कटलेली राहिली. या चित्राबरोबर तिला आठवायची ती आणखी एक गोष्ट म्हणजे हातात भिंग घेऊन प्रिंट न्याहाळणारा वेस्टन. गुह्यांगाचे दोन-चार केस दिसत होते आणि अमेरिकन टपालखाते अशी चित्रे अश्लील ठरवत असल्याने प्रिंट टपालाने पाठवता येईल की नाही, याचा तो अंदाज घेत होता.

वेस्टन पोज सांगत नसे. मॉडेलने आपल्या मनाने वावरावे आणि त्यातले हवे ते त्याने टिपावे, अशी त्याची रीत. त्याच वर्षी ओशिआनोच्या वाळूच्या टेकड्यांवर कॅरिसने कपडे काढले आणि उतारावरून गडगडत खाली गेली. ही कल्पना तिची होती, खेळ तिचा होता. वेस्टनने मोठा आठ बाय दहा इंची कॅमेरा रोखून त्यातले क्षण धरले. आज त्या चित्रांवर त्याच्या एकट्याचे नाव आहे. कायद्याने ते बरोबर आहे, पण वाळूत पालथे पडण्याची ती ढब कुणी ठरवली हे विचारले तर उत्तर तितके सरळ येत नाही. १९३७ मध्ये वेस्टनला गुगनहाइम फेलोशिप मिळाली. ती मिळवणारा तो पहिला छायाचित्रकार. त्या अर्जाच्या लिखाणात कॅरिसचा हात होता. त्याला गाडी येत नसल्याने प्रवासात गाडी तीच चालवायची, आणि त्या भ्रमंतीतून १९४० मध्ये निघालेल्या ‘कॅलिफोर्निया अँड द वेस्ट’ या पुस्तकाचा मजकूरही तिचाच. एवढे असून कलेतिहासात तिची ओळख ‘वेस्टनची प्रेरणा’ अशी करून देतात. प्रेरणा ही पदवी फार सोयीची. ती बहाल केली की श्रेय वाटून द्यावे लागत नाही. कॅरिसने आपली बाजू सविस्तर मांडली ती १९९८ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ‘थ्रू अनदर लेन्स’ या आठवणींच्या पुस्तकात.

जॉर्जिया ओकीफची गोष्ट याहून कडवट आहे. छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झने १९१७ पासून पुढे वीस वर्षे तिची तीनशेहून अधिक छायाचित्रे काढली; त्यांत चेहरा, हात, गळा, नग्न धड असे सगळे होते. काचेच्या संथ निगेटिव्हवर एकेका चित्राला तीन-चार मिनिटे निश्चल बसावे लागे. नको तेव्हा पापणी लवे, ओठ थरथरे, कानाला खाज सुटे, हात भरून येत; ती हलली की चित्र बिघडे आणि त्यावर बराच गहजब होई, असे तिने पुढे लिहून ठेवले आहे. १९२१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनात ही चित्रे लागली आणि शहरभर चर्चा झाली. ओकीफ स्वतः चित्रकार होती, पण त्यानंतर समीक्षक तिच्या चित्रांतही देहच शोधू लागले. या वाचनाचा तिला जन्मभर राग होता. फोटोतल्या देहाने तिच्या कामाचा अर्थ गिळला, आणि हा परिणाम पोज देताना कुणी हिशेबात धरलेला नव्हता. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने या चित्रांचे पुस्तक काढले तेव्हा नव्वदीतल्या ओकीफने प्रस्तावना लिहिली. चित्रांतली ही बाई कोण असा प्रश्न आपल्याला पडतो, असे तिने त्यात म्हटले आणि स्टिगलिट्झ तर कायम स्वतःचेच छायाचित्र काढत असे, असाही शेरा मारला. नग्नचित्रणावर लिहिलेल्या जाडजूड ग्रंथांपेक्षा हा एक शेरा जास्त कामाचा आहे.

चेहऱ्याचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा. कलात्मक नग्नचित्रांचा कोणताही संग्रह चाळला तर निम्मीअधिक माणसे पाठमोरी, मान वळवलेली किंवा गळ्यापाशी कापलेली दिसतात. छायाचित्रकार याचे कारण रूपाचे देतो: चेहरा आला की नजर तिथेच खिळते आणि देहाची रेषा दुय्यम होते. मॉडेलचे कारण बहुधा वेगळे असते. तिला घर असते, नोकरी असते, सोसायटीतले शेजारी असतात. ब्रिटनमध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत काम केलेला जॉन कोपलान्स याचे कारण तिसरेच. साठी ओलांडल्यावर, १९८४ पासून, त्याने स्वतःच्याच नग्न देहाची छायाचित्रे काढली. सुटलेले पोट, केसाळ पाठ, सुरकुतलेली बोटे. चेहरा एकाही चित्रात नाही, कारण हा देह एका माणसाचा न वाटता माणसाच्या जातीचा वाटावा अशी त्याची इच्छा होती. तीन हेतू आणि परिणाम एकच, मुंडके नसलेला देह. भिंतीवरचे चित्र पाहून यातला कोणता हेतू खरा हे ओळखण्याची सोय नाही. म्हणून ‘स्त्रीला वस्तू केले’ किंवा ‘स्त्री मुक्त झाली’ असे निकाल निव्वळ चित्र पाहून देणाऱ्यांवर फार विसंबू नये.

देहाच्या ठेवणीबद्दल मॉडेलची अपेक्षा काय असते, यावर एक उदाहरण पुरे. ‘स्टार ट्रेक’मधला अभिनेता लेनर्ड निमॉय उत्तरायुष्यात छायाचित्रकार म्हणून काम करत असे. त्याच्या आधीच्या चित्रांत सगळ्या सडपातळ मॉडेल. एका कार्यक्रमात एका स्थूल स्त्रीने त्याला गाठून विचारले, माझे फोटो काढाल का? त्यातून पुढे स्थूल स्त्रियांच्या नग्नचित्रांची मालिका उभी राहिली आणि २००७ मध्ये ‘द फुल बॉडी प्रोजेक्ट’ हे पुस्तक निघाले. त्यात कुणी अंग चोरून बसलेले नाही. बायका कॅमेऱ्याकडे रोखून बघतात, नाचतात, हसतात. मागणी मॉडेलकडून आली की चित्र किती बदलते याचा हा चांगला दाखला. उलट बाजूने, पोटावरचा टाक्यांचा व्रण न विचारता संगणकावर पुसून टाकला, ही आजच्या मॉडेलची ठरलेली तक्रार असते. कुणाला तो व्रण नको असतो, कुणाला तोच हवा असतो. विचारायला दोन मिनिटे लागतात.

आणि मग कागद. मॅरिलिन मन्रोने १९४९ मध्ये लॉस एंजेलिसच्या टॉम केली या छायाचित्रकारासाठी लाल मखमलीवर नग्न पोज दिली. मानधन पन्नास डॉलर. संमतिपत्रावर तिने सही केली ती ‘मोना मन्रो’ अशी, म्हणजे ओळख लपवण्याची तिच्या परीने केलेली तजवीज. चित्र कॅलेंडरवर छापले गेले, पुढे ती प्रसिद्ध झाली, आणि डिसेंबर १९५३ मध्ये ‘प्लेबॉय’च्या पहिल्याच अंकात त्याच वेळी काढलेले चित्र झळकले. चित्राच्या धंद्यात पैसा करणारे अनेक निघाले. तिच्या पदरी पन्नास डॉलरच. १९५२ मध्ये गवगवा झाला तेव्हा पैशांची नड होती म्हणून पोज दिली, असे तिने उघड सांगितले आणि बदनामीची हवाच काढून घेतली. कलात्मक म्हणावे असे ते चित्र नव्हे, पण संमतिपत्राचा धडा त्यातूनच नीट समजतो. एकदा दिलेली सही किती दूर जाते याला तेव्हा मर्यादा नव्हती आणि आजही आपोआप पडत नाही.

भारतात या प्रकाराला थोर परंपरा नाही. शिल्पांतल्या नग्नतेचा दाखला कॅमेऱ्याच्या बचावाला फारसा उपयोगी पडत नाही. प्रबुद्ध दासगुप्ता यांचे शहरी भारतीय स्त्रियांच्या नग्नचित्रांचे ‘विमेन’ हे पुस्तक १९९६ मध्ये आले तेव्हा त्याला जोडच नव्हती. त्याच्या वर्षभर आधी त्यांनीच टिपलेली टफ शूजची जाहिरात गाजली: मधू सप्रे आणि मिलिंद सोमण, पायांत बूट, अंगाभोवती अजगर. मुंबईत खटला उभा राहिला आणि २००९ मध्ये निर्दोष सुटका होईपर्यंत चौदा वर्षे चालला. चित्र कसे दिसावे यावर मॉडेलचे मत काहीही असो, कोर्टाची पायरी मॉडेललाही चढावी लागते. रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या चित्रपटातली यमुना जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर बसते, मुलाच्या शिक्षणासाठी, आणि नेमके त्या मुलापासूनच ते लपवते. तिथे निदान कुंचला आहे. रेखाटनात ओळख विरघळू शकते. कॅमेरा ती सवलत देत नाही. २०१७ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातून हा चित्रपट ऐनवेळी वगळला गेला.

कायद्याने मात्र मॉडेलच्या बाजूने दोन-तीन पावले टाकली आहेत. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू बार्बरा फेल्टस यांचे, तिच्या वडिलांनी काढलेले नग्न छायाचित्र १९९३ मध्ये कोलकात्यातल्या नियतकालिकांनी पुन्हा छापले. त्यावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये चित्र अश्लील नाही असे ठरवले. वंशभेदाला विरोध हा त्या जोडप्याचा हेतू सोबतच्या लेखात स्पष्ट होता आणि न्यायालयाने चित्र त्या संदर्भासकट पाहिले. आपण कशासाठी असे दिसलो हे मॉडेलने सांगितलेले निकालात वजनदार ठरले, ही छोटी गोष्ट नव्हे. भारतीय न्याय संहितेचे ७७ वे कलम त्याहून नेमके आहे: स्त्रीने चित्र काढू देण्यास संमती दिली, पण ते इतरांपर्यंत पोचवण्यास दिली नसेल, तर ते पोचवणे हा गुन्हा. काढणे आणि दाखवणे या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, हे इथे कायद्याने मान्य केले. कॉपीराइटचा कायदा उलट बाजूला झुकतो. १९५७ च्या कायद्याप्रमाणे छायाचित्राची मालकी सामान्यतः छायाचित्रकाराची, किंवा ज्याने पैसे देऊन काढवून घेतले त्याची. नुसते समोर बसल्याने मॉडेलला मालकीचा कोणताही वाटा मिळत नाही.

त्यामुळे अनुभवी मॉडेल शूटच्या आधी बोलून घेतात. खोलीत कोण कोण असणार, सोबत मैत्रीण आणली तर चालेल का, पोज बदलताना हात लावायचा नाही, तोंडाने सांगायचे. चेहरा, गोंदण, जन्मखूण यांपैकी काय दिसू द्यायचे. निवडीच्या वेळी नको त्या चित्रावर काट मारण्याचा हक्क. प्रदर्शन, पुस्तक, इंटरनेट यांतले कुठे चालेल आणि किती वर्षे. पैशांऐवजी प्रिंट मिळणार असतील तर किती आणि कधी. चांगला छायाचित्रकारही तिला काही सांगतो: सकाळपासून सैल कपडे घाल, कारण इलॅस्टिकचे वळ अंगावरून जायला तास-दोन तास लागतात आणि नग्नचित्रात ते कॅमेऱ्याला सर्वांत आधी दिसतात. खोली उबदार ठेवणे हे त्याचे काम. अंगावर काटा आला की पोत बदलतो आणि मॉडेलही आखडते.

हे सारे तोंडी ठरते आणि तोंडीच राहते, हे आपल्याकडचे खरे दुखणे आहे. संमतिपत्र इंग्रजीत छापलेले असते, शूट संपल्यावर घाईत पुढे सरकवले जाते आणि त्याची प्रत फक्त छायाचित्रकाराकडे राहते. तो कागद मॉडेलला कपडे काढण्याआधी, तिला वाचता येईल अशा भाषेत मिळावा, न पटणारे कलम खोडण्याची मुभा तिला असावी आणि एक प्रत तिच्याजवळ राहावी. एवढे करायला जो छायाचित्रकार तयार नाही, त्याच्यासमोर बसू नये.