व्यापाराचा नवा डाव

या ईदला मुलांनी ईदी एकत्र करून मोनोपॉलीचा नवा संच आणला. आमच्या लहानपणी सोनईत असाच खेळ ‘व्यापार’ म्हणून खेळत. तेव्हा कागदी नोटा असत, हाताळून मऊ झालेल्या. यात नोटाच नाहीत. कार्ड यंत्राला लावले की भाडे वळते. पहिल्याच डावात धाकटी कंगाल झाली आणि पैसे कधी संपले हे तिला कळलेच नाही. पूर्वी हातातली गड्डी बारीक होताना दिसायची.

गहाण सोडवायला १० टक्के व्याज, हे ऐकून अम्मींनी नापसंती दाखवली. आम्ही तो नियम वगळला. खेळ काही अडला नाही.

खेळाचे मूळ अमेरिकेत आहे. एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ साली त्याचे पेटंट मिळवले, ते जमीनमालक भाड्यावर कसे गब्बर होतात हे दाखवण्यासाठी. लोकांना मात्र गब्बर होणेच आवडले!

थोरल्याने सगळ्या जागा घेतल्या, तेव्हा धाकटीने विचारले, “फुफीला एकपण नाही?” तिला पटावरचेच विचारायचे होते. आपा हसल्या. आम्हा भावांना हसता आले नाही. अब्बांच्या शेताच्या वारस नोंदीत आपांचे नाव ‘राहून गेले’. हा शब्दही आमचाच.

सोमवारी तलाठ्याकडे जायचे ठरले आहे. आपांकडून आधार कार्ड मागून घेतले.