वजन किती, वाळत कुठे घालणार?

बाळाच्या लंगोटाबद्दल ठाम मत नसलेलं माणूस मला अजून भेटायचं आहे. आम्ही रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहतो. नातेवाईक नागपूर-अमरावतीकडचे, शेजारीपाजारी छत्तीसगढी आणि मारवाडी. मुलगी झाली तसे चहूकडून सल्ले सुरू झाले. जुन्या लुगड्याची बाळोतीच बरी. डायपर मुळीच लावू नको, पाय फेंगडे होतील. कापडी घेऊ नको, धुताधुता जीव जाईल. दुकानात गेलं तर तिथला माणूस सांगायचा, हा फ्री साइज घ्या, जन्मापासून तीन वर्षांपर्यंत चालतो. सगळे मायेनेच बोलत होते, दुकानदारही वाईट नव्हता. पण बाळ केवढं आहे, धुणार कोण, हे त्यांच्यापैकी कोणीच विचारत नव्हतं. हे न विचारता दिलेला लंगोटाचा सल्ला कामाचा नसतो, असं माझं स्वच्छ मत झालं आहे.

मला विचारणारी पहिली माणसं दोन भेटली. एक आमचे बालरोगतज्ज्ञ, दुसऱ्या मितानिन दीदी.

मितानिन ही वस्तीतल्या आरोग्यसेविकांची छत्तीसगढची स्वतःची व्यवस्था. २००२ साली इथे ती सुरू झाली आणि देशभर आशा कार्यकर्त्या आल्या त्या त्यानंतर. आमच्या गल्लीला लागून वस्ती आहे, तिथल्या मितानिन दीदी आमच्याकडेही डोकावायच्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जायचं, वजन करायचं, अंग तपासायचं, असं त्यांचं ठरलेलं काम. त्यांनी दुपट्यातून बाळाला बाहेर काढलं, काट्याला लावलं आणि मला पहिला प्रश्न केला, “दिन भर म कतका बेर मूतथे?” दिवसभरात किती वेळा शू करते, हे मी मोजलं नव्हतं, तेव्हा मोजायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. मग त्यांनी समजावलं. पाचव्या दिवसानंतर बाळाने चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू केली आणि ती फिकट असली, तर अंगावरचं दूध पुरतंय असं समजायचं. साध्या सुती लंगोटात प्रत्येक शू हाताला कळते. विकतच्या डायपरमधलं जेल तीनचार वेळची शू गिळून वरून कोरडं राहतं, मोजायचं कसं? म्हणून पहिला दीड महिना साधे मलमलचे लंगोट वापर, पुढचं पुढे बघू, हे त्यांचं म्हणणं. दूध पुरतंय की नाही या धास्तीने रात्ररात्र जागणाऱ्या बाईला दोरीवरच्या ओल्या लंगोटांनी किती धीर येतो, ते मी अनुभवलं आहे.

दुकानातला फ्री साइज का चालला नसता, हेही वजनाच्या काट्यानेच कळलं. हे बटणांचे कापडी डायपर साधारण पाच किलोंपासून सतरा किलोंपर्यंतचे असतात. आमची मुलगी जन्मली पावणेतीन किलोंची. बाळाचं वजन पाचेक महिन्यांत दुप्पट होतं आणि वर्षात तिप्पट, म्हणजे पहिले तीनचार महिने त्या डायपरच्या मांडीजवळ तिचे दोन पाय मावले असते. त्या काळासाठी एक तर नवजात मापाचे घ्यायचे, नाही तर घडीचे लंगोट. आम्ही पंडरीच्या कापड बाजारातून मीटरवर मलमल आणली. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चौकोन फाडून कडा दुमडल्या. मुलगा असेल तर जाड घडी पुढे, मुलगी असेल तर मध्ये आणि थोडी मागे, हे त्यांनी करूनच दाखवलं. छापील माहितीत मला हे कुठे मिळालं नव्हतं.

फेंगड्या पायांचं भय डॉक्टरांनी घालवलं. पोटातल्या बाळाचे पाय दुमडलेले आणि फाकलेलेच असतात आणि जन्मानंतरही काही महिने खुब्याचा सांधा तशाच स्थितीत नीट बसतो. मांड्यांमधल्या जाड घडीने काही बिघडत नाही. खुब्याला धोका असतो तो दुपट्यात पाय सरळ करून करकचून बांधण्याचा. आमच्याकडे सगळ्याच आज्या तसं बांधतात, म्हणून हे इथे मुद्दाम लिहिते आहे. कापडी की विकतचं, यावर डॉक्टरांचा आग्रह नव्हता. त्यांनी विचारलं ते एवढंच: रात्री बदलायला कोण उठतं, आणि शी केल्यावर किती वेळात बदलता? पुरळाचं मूळ ओलाव्यात आणि उशिरात. शूमधल्या युरियाचा शीतल्या जंतूंमुळे अमोनिया होतो, त्वचेवरची मूळची आम्लता कमी होते आणि शीतले पाचकरस त्या नाजूक कातडीलाच झोंबतात. पावडर नको, ती श्वासात जाते. दिवसातून थोडा वेळ नुसतं उघडं ठेवा. लाली जांघेच्या घडीत शिरली आणि भोवती बारीक लाल पुळ्या दिसल्या तर ती बुरशी असू शकते, घरी काही चोळत न बसता दाखवायला आणा.

चार महिन्यांनी बाळ पाच किलोंच्या पुढे गेलं आणि बटणांच्या डायपरची वेळ आली. आतलं पॅड कशाचं असावं, यावर पुन्हा दहा मतं. आईंनी यावर तोड काढली. मंडळात, म्हणजे चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात, भेटणाऱ्या दोन मैत्रिणींकडून आम्ही वापरलेली पॅडं मागून आणली. एक मायक्रोफायबरचं, एक सुती, एक हेम्पचं, म्हणजे भांगेच्या झाडाच्या धाग्याचं. आईंनी ती परातीत मांडली आणि प्रत्येकावर एकेक वाटी पाणी ओतलं. मायक्रोफायबरने पाणी क्षणात ओढलं. सुतीने त्याच्या मागोमाग. हेम्पवर पाणी थोडं थबकलं, कडेने ओघळतं की काय असं वाटलं, मग सावकाश आत मुरलं. मग आईंनी तिन्हींवर तळवा दाबला. मायक्रोफायबरमधून पाणी बदाबद बाहेर आलं, सुतीतून बेताचं, हेम्पमधून जेमतेम ओल. “ती यावर बसणार आहे ना गं?” एवढंच त्या म्हणाल्या. बाळ बसलं, कडेवर घेतलं की पॅड दाबलं जातंच. शिवाय मायक्रोफायबर अंगाला थेट लावायचं नसतं, ते कातडीचाही ओलावा ओढतं. दिवसासाठी सुती आणि रात्री सुतीखाली एक हेम्प, असं त्या परातीवरच ठरलं. नवी सुती आणि हेम्पची पॅडं चारपाच धुण्यांनंतर पुरती शोषू लागतात, धाग्यांतला मूळचा तेलकटपणा निघेपर्यंत धीर धरायचा, ही सूचना पॅडांबरोबर मैत्रिणीकडून आली.

धुण्याबद्दलचा सल्ला मात्र गावचाच हवा. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही, आणि कापडात राहिलेला साबण बाळाला चावतो. म्हणून आधी गार पाण्यात खळबळून शू काढायची, मग कपड्यांची पावडर टाकून गरम पाण्याचं धुणं, शेवटी भरपूर पाण्यात दोनदा विसळणं. जंतुनाशकाचं बूच शेवटच्या पाण्यात ओतू नये आणि कापड मऊ करणारं द्रव तर नकोच, त्याने कापडावर थर बसून शोषणं कमी होतं. मेअखेरच्या नवतपाच्या उन्हात आमच्या गच्चीवर पॅडं तासाभरात कडकडीत वाळतात आणि शीचे पिवळे डाग आपोआप उडतात. बाहेरचं पाणी अडवणारं कव्हर मात्र सावलीत. त्या कापडाला प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि इलॅस्टिकही उन्हाने सैल पडतं. जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाला की सगळं गणित बदलतं. जाड शिवलेलं पॅड दोन दिवस दमट राहतं, तर मलमलचा चौकोन उलगडला की पंख्याखाली रात्रीतून वाळतो. म्हणून पावसाळ्यात आम्ही कव्हरं तीच ठेवली आणि आत पुन्हा मलमलच्या घड्या घातल्या.

ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ साली दोन्ही प्रकारांचा हिशेब मांडला होता. अडीच वर्षांचा कर्बभार विकतच्या डायपरचा साधारण ५५० किलो, कापडीचा ५७०. म्हणजे नुसतं कापड आणून भागत नाही. पण पूर्ण भरलेलं मशिन, दोरीवर वाळवणं आणि दुसऱ्या बाळालाही तेच लंगोट, एवढं केलं तर कापडीचा भार सुमारे २०० किलोंनी उतरतो. रायपूरला दोरी आणि ऊन दोन्ही घरचंच आहे. माझ्या मनाला त्याहून जास्त लागलेली गोष्ट कचऱ्याची. घराघरातून कचरा नेणाऱ्या आणि तो हाताने निवडणाऱ्या बायांच्या हाती बाळाच्या शीने भरलेलं डायपर उघडं जाऊ नये. २०१६च्या घनकचरा नियमांत ते नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला सांगितलं होतं. पुण्यात कचरावेचक बायांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने अशा पुडक्यावर लाल ठिपका काढायला लोकांना शिकवलं. प्रवासात आम्हीही विकतचं डायपर वापरतो. शी आधी संडासात टाकून, कागदात गुंडाळून, लाल ठिपका काढूनच ते देतो.

बाळ रांगू लागल्यावर माप पुन्हा तपासावं लागलं. पोटाशी दोन बोटं जावीत. पायाचं इलॅस्टिक मांडीवर न राहता जांघेच्या घडीत बसावं. काढल्यावर गुलाबी रेघ दिसली आणि थोड्या वेळात गेली तर ठीक, खोल वळ राहिला तर बटण एक घर सैल.

गेल्या महिन्यात मंडळातल्या एका मैत्रिणीला मुलगा झाला, महिना आधी, दोन किलोंच्या आसपास. तिने विचारलं, तुझ्याकडचे सगळे सांग, तसेच्या तसे मागवते. तिचा फ्लॅट उत्तरेकडे तोंड केलेला, बाल्कनीत ऊन नाही, नवरा फिरतीवर, धुणं तिचं एकटीचं. मी तिला बटणांचं काहीच सांगितलं नाही. आमच्या मलमलच्या घड्या स्वच्छ धुऊन तिच्याकडे पोचत्या केल्या, रात्रीपुरतं सगळ्यांत लहान मापाचं विकतचं डायपर वापर म्हटलं, आणि तो पाच किलोंचा झाला की मला फोन कर.