स्वपरिचयाची भाषा

परवा आदिलाबादेत नोकरीची मुलाखत असून, उमेदवाराने प्रारंभी स्वतःचा परिचय द्यावा असा शिरस्ता असल्यामुळे, तो कोणत्या भाषेत बांधावा याच विवंचनेत तामसीतल्या आमच्या ओसरीवर आजची सायंकाळ गेली. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, पाठ्यपुस्तकांत इंग्रजी. आणि आजोबांच्या ट्रंकेत जपलेला जमिनीचा कागद उर्दूत, कारण त्यावेळी हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत याच जिल्ह्यातले किनवट व राजुरा मुंबई राज्यात गेले, आम्ही आंध्रात राहिलो आणि 2014 साली तेलंगणात आलो. एवढा इतिहास दोन मिनिटांत कसा सांगावा?

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीला 2025 पैकी 275 गुण असतात आणि ती मराठीतूनही देता येते, हे वाचून क्षणभर हेवा वाटला. माझी जागा कनिष्ठ लिपिकाची, तिथे दुभाषा कोण देणार!

दाखले पुन्हा तपासले. रहिवासी दाखल्यावर तेलुगू वळणाने आलेले माझे आडनाव मराठी गुणपत्रकातल्या आडनावाशी एका अक्षराने जुळत नाही, आणि बहुधा पहिला प्रश्न त्यावरच येईल. सराव बाबांनी करून घेतला. कापूस विकता विकता अडत्यांशी बोलून कमावलेली त्यांची तेलुगू माझ्या पुस्तकी तेलुगूहून कितीतरी सफाईदार असल्याने, कापसाच्या भावाविषयी विचारतीलच असे बजावून, त्यांनी माझी क्रियापदे रात्री उशिरापर्यंत दुरुस्त केली.