विकतचं ट्रॅफिक

डोंबिवलीत ‘मी ट्रॅफिक विकत घेतो’ म्हटलं की ऐकणारा आधी हसतो. शीळ रोडवर आणि घोडबंदरला जे फुकट मिळतं, त्याला पैसे कोण मोजणार? मग समजावावं लागतं. गुगल-फेसबुकवर जाहिरात द्यायची, ती बघून कुणी आलं की त्या क्लिकचे पैसे आपण भरायचे आणि त्याने पुढे जाऊन मिक्सर घेतला तर दुकानाकडून कमिशन घ्यायचं. ‘म्हणजे दलालीच की!’ प्रस्तुत लेखक ‘हो’ म्हणतो. ज्या गावात जिन्यागणिक एक एलआयसी एजंट भेटतो, तिथे लाजायचं कशाला?

हिशेब साधा आणि निर्दय आहे. समजा, क्लिक ४ रुपयांना पडला. १०० जण आले, ४०० रुपये गेले. दोघांनी खरेदी केली, प्रत्येकी १५० मिळाले. शंभराचा खड्डा. त्यामुळे आलेले १०० जण कोण, यावरच सगळं अडलेलं असतं.

लेखकाने पहिली माती खाल्ली ती ‘कल्याण’ या शब्दावर. कल्याणच्या गिऱ्हाइकांसाठी म्हणून हा शब्द घेऊन त्याने गुगलवर जाहिरात लावली आणि सकाळी चहा घेता घेता लोकांनी नेमकं काय शोधलं होतं त्याची यादी उघडली. कल्याण चार्ट, कल्याण ओपन, कल्याण जोडी. गर्दी सगळी मटक्याची! त्या मटक्यातलं कल्याण तर शहराचंही नव्हे. १९६२ साली तो धंदा सुरू करणाऱ्या कल्याणजी भगत यांच्या नावाचं. उरलेले कल्याण ज्वेलर्स शोधत होते, ते थेट केरळातल्या त्रिशूरचे. आणि काही समाजकल्याणची शिष्यवृत्ती. ‘ठाणे’ घेतलं तर पोलीस ठाणी निघतात. मानपाडा तर दोन आहेत, एक घोडबंदरवर आणि एक डोंबिवली पूर्वेला.

यावर उपाय म्हणजे नको असलेल्या शब्दांची, निगेटिव्ह कीवर्डची, यादी. त्याने चार्ट, पॅनेल, जोडी, ज्वेलर्स असं सगळं घातलं, देवनागरीत वेगळं आणि रोमनमध्ये वेगळं. पुढे दोन महिन्यांनी पैंजणं विकायला काढली. जाहिरात कुणाला दिसेचना. पैंजण लोक ‘जोडी’ म्हणूनच शोधतात, आणि ती जोडी त्याने स्वतःच्या हाताने बंद करून ठेवली होती.

जागेच्या सेटिंगमध्येही मेख आहे. गुगल आपणहून तिथे राहणाऱ्यांसोबत त्या जागेत रस दाखवणाऱ्यांनाही धरतं. डोंबिवलीत भाड्याची खोली शोधणारा पुण्यातला पोरगा त्यात डोंबिवलीकर ठरतो. तो पर्याय बदलून ४२१२०१ म्हणजे पूर्व आणि ४२१२०२ म्हणजे पश्चिम असे पिनकोड टाकले तरी दुपारी तिथे सापडणार कोण? १८५३ साली गाडी ठाण्याला आली, पुढच्या वर्षी कल्याणला. तेव्हापासून इथला कमावता माणूस दिवसा घरी नसतो. तो सकाळच्या फास्टमध्ये, एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने क्लिक करतो. मिक्सरचा निर्णय मात्र रविवारी घरच्यांना विचारून होतो. ॲमेझॉनच्या कमिशनच्या लिंकची मुदत २४ तास. मंगळवारच्या क्लिकवर रविवारी वस्तू घेतली तर दलालाच्या हाती काही नाही. लेखक आता अशा जाहिराती शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर चालवतो, तेही पगार झाल्यावरच्या आठवड्यात.

वय हे तर आणखीच फसवं खातं. गुडघ्याचे पट्टे ६५ च्या वरच्यांना दाखवले तर फारसं कुणी फिरकलं नाही. घेतले ते ३५ ते ४४ च्या पुरुषांनी. आईचा फोन मुलाने घेतलेला, त्यात खातंही त्याचंच. नाहीतर पैसे तरी तोच भरणार. गुगलच्या ‘वय अज्ञात’ या रकान्यावर नवशिके आधी फुली मारतात आणि त्यातल्या कितीतरी आज्या गमावतात. फेसबुकवर आजारपणाशी जोडलेले बरेच पर्याय २०२२ च्या जानेवारीत काढून टाकले गेले. तिथे ‘तुमचे गुडघे दुखतात का?’ असं विचारायचीही सोय नाही. माणसाच्या दुखण्यावर थेट बोट ठेवणारी जाहिरात नियमात बसत नाही. आपल्याकडची निम्मी हँडबिलं तर याच प्रश्नाने सुरू होतात!

शेवटी लेखकाने हँडबिलंच छापली. ॲमेझॉनची लिंक छापील कागदावर चालत नाही, म्हणून ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका दुकानाशी कमिशन ठरवलं. पूर्वेला पिवळा कागद, पश्चिमेला गुलाबी, दोन्हींवर वेगळा कोड. म्हणजे गिऱ्हाईक कुठून आलं ते कळावं. पहाटे साडेचारला डोंबिवली स्टेशनबाहेर पेपरचे गठ्ठे सुटत होते. पेपरवाल्या काकांनी एक कागद दिव्याखाली धरून वाचला.

“सगळीकडे टाकायचे?”

“हो, पूर्वेच्या सगळ्या बिल्डिंगींत.”

“पट्टे गुडघ्यांचे ना?” काकांनी गठ्ठ्यातले निम्मे कागद काढून त्याच्या हातात परत दिले. “मग लिफ्टवाल्या बिल्डिंगी सोडतो. लिफ्ट नाही तिथे टाकतो, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर.”