शेवटची आली तरी चालेल

२०१५ च्या पहिल्या सहा महिन्यांत पुण्यात फुटबॉलच्या तीन व्यावसायिक टीम होत्या. आय-लीगमध्ये पुणे एफसी आणि भारत एफसी, आयएसएलमध्ये एफसी पुणे सिटी. तिघींचं घर एकच, बालेवाडीच्या क्रीडानगरीतलं स्टेडियम. पुढच्या वर्षी आय-लीगमध्ये चौथी आली, डीएसके शिवाजियन्स. आणि २०१९ च्या दिवाळीत मोजायला बसलो तर शिल्लक शून्य. चारही गेल्या.

यातल्या दोन टीमचा मी फॅन होतो. आधी पुणे एफसीचा, मग दुसरं काही उरलं नाही म्हणून एफसी पुणे सिटीचा. मित्र मँचेस्टर युनायटेडच्या नावाने रडतात तेव्हा मी गप्प बसतो. त्यांची टीम पंधरावी आली, हे दुःख खरंच आहे. पण पंधरावं यायला टीम असावी लागते.

पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाली. मालक अशोक पिरामल समूह. आय-लीगमध्ये वर आल्यावर पहिल्याच हंगामात, म्हणजे २००९-१० ला, तिसरा नंबर. २०१२-१३ मध्ये डेरिक परेरांच्या हाताखाली दुसरा, चर्चिल ब्रदर्सच्या मागे. २०१४ मध्ये ही टीम एएफसी कप खेळली, म्हणजे बालेवाडीत परदेशी क्लब येऊन खेळून गेले. किती पुणेकरांना हे माहीत होतं? स्टेडियममध्ये जेवढे होतो तेवढ्यांना, आणि ते फार नव्हते. चार जण ढोल घेऊन यायचे आणि मोकळ्या खुर्च्यांमुळे त्याचा आवाज दुप्पट घुमायचा.

त्या टीमची खरी कमाई पहिल्या अकरात दिसायची नाही. ती अकादमीत होती. मलप्पुरमचा आशिक कुरुनियन या अकादमीतून घडला, पुढे काही काळ स्पेनमध्ये विलारेआलच्या सी टीमकडे गेला आणि नंतर भारताकडून खेळला. पंधरा-सोळा वर्षांची पोरं पुण्यात आणायची, राहायची-खायची सोय करायची, शिकवायचं आणि चार-पाच वर्षं थांबायचं. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. खर्च मात्र दर महिन्याला असतो.

२०१४ च्या पावसाळ्यानंतर आयएसएल आली. सोबत आली त्याच शहरासाठी एक नवी टीम. वाधवान समूहाचा पैसा, सहमालक हृतिक रोशन, इटलीच्या फिओरेंटिनाशी करार. १९९८ चा विश्वचषक जिंकलेला ट्रेझेगे पुण्याच्या जर्सीत. आता वर्तमानपत्रात फुटबॉलला जागा मिळाली. जे मित्र बालेवाडीला यायला कंटाळायचे तेच पास आहेत का विचारायला लागले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण २०१५ मध्ये पुणे एफसीच्या मालकांनी हात काढून घेतला. कल्याणी समूहाची भारत एफसी एकच हंगाम खेळली, शेवटची आली आणि बंद झाली. दोन वर्षांनी शिवाजियन्सही गेली. अकादमी तेवढी एफसी पुणे सिटीने घेतली, आणि मीही तिकडे गेलो.

आता रडगाणं. एफसी पुणे सिटी पाच हंगाम खेळली. क्रमांक अनुक्रमे सहावा, सातवा, सहावा, चौथा, सातवा. दर हंगामाला नवा प्रशिक्षक. इटलीचा कोलोम्बा, मग इंग्लंडचा प्लॅट, मग स्पेनचा हबास, मग सर्बियाचा पोपोविच. एकाने पोरांना मागे थांबून खेळायला शिकवायचं, दुसऱ्याने येऊन ते पुसायचं. मोठ्या नावांचीही तीच गत. ट्रेझेगे आला, मुटू आला, सिसोको आला. पाय थकल्यावर आले आणि एका हंगामात गेले. जर्सीवर कुणाचं नाव छापून घ्यायचं हा आमच्या ग्रुपवर दरवर्षीचा वाद, कारण दिवाळीला घेतलेली जर्सी होळीपर्यंत जुनी व्हायची. मी शेवटी नाव छापणंच सोडलं.

त्यात बालेवाडीचं स्टेडियम. १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी बांधलेलं, मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक. गोल झाला तर खेळाडू आनंदाने आमच्याकडे धावत येणार आणि मध्येच ट्रॅकच्या कडेला थांबणार. एवढ्या लांबून ओरडलेलं त्यांना ऐकू जायचं की नाही देव जाणे. कोथरूडहून स्कूटरवर हायवेने जायचं, हरायचं, आणि रात्री ट्रकच्या दिव्यांत परत यायचं. हे मी पाच वर्षं केलं.

एकच हंगाम असा होता की वाटलं, जमतंय. २०१७-१८. मार्सेलिनो आणि अल्फारो पुढे, पोपोविच रागारागाने टचलाइनवर, आणि टीम पहिल्यांदाच बाद फेरीत. उपांत्य फेरीत बंगळुरू. बालेवाडीत ०-०. परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने तीन गोल मारले. दोन झाले तेव्हा आम्ही संपलो होतो. मग ८२ व्या मिनिटाला जोनाथन लुकाने फ्री किक थेट आत घातली आणि सहा-सात मिनिटं आमच्या हॉलमध्ये कुणी बसलेलं नव्हतं. तेवढ्यात छेत्रीचा तिसरा. १-३. त्या रात्री मी चिडलो, पण एक गोष्ट आवडली होती. पहिल्यांदाच 'पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य मी मनापासून म्हणालो.

पुढच्या वर्षी काय झालं? पोपोविच गेला. नवा प्रशिक्षक पोर्तुगाल (आडनाव पोर्तुगाल, माणूस स्पेनचा) तीन सामन्यांनंतर हाकलला गेला. मग हंगामी प्रशिक्षक, मग फिल ब्राउन. सातवा क्रमांक. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये क्लबच संपला. मालकांच्या गृहकर्जाच्या धंद्यावर त्या वर्षी मोठं संकट आलं होतं. लीगमधली पुण्याची जागा हैदराबाद एफसी नावाच्या नव्या क्लबला मिळाली. फिल ब्राउन तिकडे गेला, निखिल पुजारी, आदिल खान असे बरेच खेळाडू तिकडे गेले. आम्ही राहिलो. आम्हाला कुणी करारात धरलं नव्हतं.

इथे फॅन म्हणून माझा मुद्दा आहे, आणि तो हरण्याबद्दल नाही.

आयएसएलमध्ये तेव्हा खाली ढकललं जाण्याची सोय नव्हती. शेवटची आलेली टीम पुढच्या वर्षी त्याच लीगमध्ये. मैदानावर कितीही वाईट खेळा, शिक्षा नाही. पण मालकाचा खिसा रिकामा झाला की थेट फाशी. इंग्लंडमध्ये टीम वाईट खेळली की खालच्या लीगमध्ये जाते, फॅन शिव्या घालतो आणि खालच्या लीगची तिकिटं काढतो. तिथे टीम जगण्याच्या आणि मरण्याच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. आमच्याकडे एकच पायरी होती आणि ती मालकाच्या ऑफिसात होती.

क्लबकडे स्वतःचं होतं तरी काय? स्टेडियम सरकारचं. लीगला दरवर्षी कोट्यवधींची फ्रँचायझी फी. परदेशी खेळाडूंचे पगार, विमानं, हॉटेलं. कमाई म्हणजे थोडी तिकिटं आणि जाहिराती. खर्च आणि कमाई यांच्यातला खड्डा मालकाने दरवर्षी भरायचा. चार क्लबचे चार मालक, चौघांचे मूळ धंदे वेगळे. धंद्यात मंदी आली किंवा मन बदललं की पहिली कात्री लागते ती हौसेला. आम्ही ज्याला क्लब म्हणत होतो, तो त्यांच्या वहीत हौसेच्या खात्यावर होता.

हे मला सगळ्यात स्वच्छ कुणी सांगितलं असेल तर कोल्हापूरच्या एका मामांनी. मामा माझे नव्हेत, रूममेटचे. त्यांच्यासोबत शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार सामना बघायला गेलो होतो. भर दुपार, स्टेडियम गच्च, माझ्या पुढे एक आजोबा रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. मामांनी विचारलं, "पावणं, तुमच्या पुण्यातली टीम कुणाची?"

मी मालकाचं नाव सांगितलं.

"तसं न्हवं. कुठल्या पेठंची?"

मी म्हणालो, पेठेची नाही, कंपनीची. मामा शेंगा सोलत म्हणाले, "मग कंपनी गेली की टीम गेली. त्यात काय एवढं?"

कोल्हापुरात टीम तालमीच्या आणि तरुण मंडळांच्या असतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. गल्लीतली पोरं खेळतात, पेठेतले लोक वर्गणी काढतात. टीम हरली तर पेठ आठवडाभर सुतकात. पण मालक नाही म्हणून ती विकताही येत नाही आणि दुसऱ्या गावाला हलवताही येत नाही. मला तिथलं सगळं गोड वाटत नाही. पेठांची ईर्ष्या हाणामारीपर्यंत जाते, सामने थांबवावे लागतात. तिथला फुटबॉल गावाबाहेर फारसा जात नाही आणि चांगल्या पोराला करिअर करायचं तर कोल्हापूर सोडावं लागतं. अनिकेत जाधवने सोडलं. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला. म्हणजे पोरगं पुढे जायला पुण्यासारख्या शहरात व्यावसायिक क्लब लागतोच. तालमीवर सगळं भागत नाही. पण 'टीम कुणाची' या प्रश्नाला तालमीकडे उत्तर आहे. आमच्या चारही क्लबकडे नव्हतं.

आता पुढची गंमत ऐका. २०२२ च्या मार्चमध्ये हैदराबाद एफसीने गोव्यात केरला ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली. आमच्या जागेवर खेळणारी टीम तिसऱ्याच वर्षी चॅम्पियन. संघात निखिल पुजारी, आणि तोच अनिकेत जाधव. मी तो सामना पूर्ण बघितला. आनंद झाला का? पोरांसाठी झाला. बाकी, घटस्फोटानंतर पहिल्या बायकोच्या लग्नाचे फोटो बघितल्यावर होतो तेवढा. पण पुढे ऐका. दोनच वर्षांत हैदराबादचेही पैसे संपले, खेळाडू निघून गेले आणि २०२३-२४ ला टीम तळाला. २०२५ मध्ये ती जागा उचलून दिल्लीला नेली. आणि दिल्लीची जुनी टीम, दिल्ली डायनामोज, ती २०१९ मध्येच भुवनेश्वरला गेली होती. संगीत खुर्ची नुसती. गाणं थांबतं तेव्हा दर वेळी एक शहर उभं राहतं.

बाहेर हे होत नाही असं नाही. २००२ मध्ये लंडनच्या विम्बल्डन क्लबला मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात जायची परवानगी मिळाली. फॅननी वर्गणी काढून त्याच उन्हाळ्यात एएफसी विम्बल्डन नावाचा स्वतःचा क्लब काढला, खूप खालच्या लीगमधून सुरुवात केली आणि २०११ मध्ये वरच्या चार लीगमध्ये परत आले. २०२० मध्ये त्यांनी प्लाउ लेनला स्वतःचं स्टेडियम उभं केलं. जर्मनीत तर नियमच आहे की क्लबमधली बहुसंख्य मतं सभासदांकडे राहिली पाहिजेत. म्हणजे फॅनच्या प्रेमाला कागदावर जागा आहे.

पुण्यात हे जमलं असतं का? विम्बल्डनवाल्यांपुढे शिडी होती, तळापासून वरपर्यंत. जिंकत राहा, वर चढा. आमच्याकडे तेव्हा आयएसएलपर्यंत मैदानावरून जाणारी वाटच नव्हती, फक्त पैसे भरून जाणारी होती. आता आहे. २०२३ मध्ये पंजाबची टीम आय-लीग जिंकून वर आली, २०२४ मध्ये मोहम्मडन. पण वर जाऊन करायचं काय? २०२५ च्या जुलैत आयएसएलचा अख्खा हंगामच अडकला, कारण महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता. जे पुण्याच्या वाट्याला आलं तेच सगळ्या देशाच्या वाट्याला. केरळ आणि कोलकात्याचे फॅन तेव्हा चिडले होते. मी त्यांना म्हणालो, या, बसा.

लोक सांगतात, पुणं क्रिकेटवालं, इथे फुटबॉल चालायचा नाही. क्रिकेट तरी कुठे टिकलं? आयपीएलच्या दोन टीम पुण्यातून येऊन गेल्या. पुणेकर येत नाहीत हे अर्धं खरं आहे. पण पाच वर्षांत चौथ्यांदा नाव आणि रंग बदलून समोर आलेल्या माणसाशी तुम्ही तरी किती मनापासून बोलाल? फॅन व्हायला वेळ लागतो. बापाने पोराला घेऊन जावं आणि त्याला सांगावं, मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा याच टीमने मला असंच रडवलं होतं. पुण्यात हे वाक्य बोलण्याइतकी कुठलीच टीम जगली नाही. सगळ्यात जास्त जगलेली पुणे एफसी, तीही आठ वर्षांची होऊन गेली.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी झाली आहे. ट्रेझेगे नको, नट नको, इटलीचा करार नको. जिल्हा लीगमधून सुरू झालेली, वर्गणीची पावती देणारी, खालच्या कुठल्यातरी डिव्हिजनमध्ये धडपडणारी एक टीम हवी. बचाव भोंगळ असला तरी चालेल. स्ट्रायकरने समोरचं गोलपोस्ट सोडून पार्किंगमध्ये बॉल मारला तरी चालेल, मी शिव्या घालीन आणि पुढच्या रविवारी परत येईन.

शेवटची आली तरी चालेल. फक्त पुढच्या वर्षी असली पाहिजे.