अर्नाळ्याचे बोंबील

आम्हां बुलढाण्याकडच्यांना पाणी म्हणजे नळगंगेचे धरण, नाहीतर पावसाळ्यातली पूर्णा. म्हणून विरारला मामाकडे गेलो तेव्हा अर्नाळ्याचे बेट पाहायचेच, असे ठरवले.

किनाऱ्यावरून होडीने पलीकडे उतरलो. निळ्या-तांबड्या होड्या आणि त्यांवर फडफडणारे बावटे! १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतलेला किल्लाही पाहिला. दारावरचे हत्ती-वाघ सुरेख आहेत. पण पाय रेंगाळले ते बोंबलांपाशी. भरती-ओहोटीच्या ओढीत डोल जाळे तोंड उघडून बांधतात, मासा आपसूक आत येतो. मग एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी करायची आणि बांबूंच्या मांडवावर टांगायची. ना मीठ, ना मसाला; नुसते ऊन! एक मावशी बोलता बोलता अशा जोड्या लावीत होत्या. नजर जाळीवर नाही की हातावर नाही, आणि एक जोडी निसटेल तर शपथ!

मी म्हटले, "मावशी, आमच्या मलकापूरच्या बाजारात असेच सुके बोंबील येतात."

"इतक्या लांब? काय भावानं?"

मी भाव सांगितला. त्यांचे हात थांबले. शेजारणीला हाक मारून त्यांनी तो आकडा ऐकवला. दोघी हसल्या, ते हसू ऐकून मलाच ओशाळल्यासारखे झाले.

मग तांदळाची भाकरी आणि बोंबलाचे कालवण पुढे ठेवीत त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं काय पिकतं रे?"

"कापूस."

"मग त्याचं लुगडं इकडं काय भावानं मिळतं, ते तुझ्या बापाला ठाऊक हाय का?"