किती कडक?

घरच्या वाइनची बाटली पुढे आली की लोक रंग विचारत नाहीत, वास विचारत नाहीत. विचारतात एकच: किती कडक? जयपुरात मद्यार्काच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त झालो, पण हा प्रश्न काही निवृत्त झाला नाही. नाताळात गोव्याहून परतणारा आमचा म्हापशाचा सहकारी आईने केलेली द्राक्षांची वाइन आणतो आणि पहिला घोट घेण्याआधीच माझ्या तोंडाकडे बघत बसतो.

वाइन करणाऱ्याला हे मोजणं अगदी सोपं असतं. रस बरणीत भरताना घनता मोजणारा हायड्रोमीटर बुडवायचा, आंबवण संपली की पुन्हा बुडवायचा. यीस्ट साखर खातं, मद्यार्क तयार होतो, द्रव हलका होतो आणि काचेची नळी जास्त खोल बुडते. आधी 1.090 होतं, नंतर 0.995 झालं, तर फरक 0.095. त्याला 131 ने गुणलं की साडेबाराच्या आतबाहेर टक्का मिळतो. वाचण्यापूर्वी नळी बोटांत गरकन फिरवायची, नाहीतर चिकटलेले बुडबुडे तिला वर उचलून धरतात.

माझी अडचण वेगळी. राजस्थानात परवान्याशिवाय घरी मद्य करायला मनाई आहे, त्यामुळे माझ्याकडे येते ती तयार बाटली. सुरुवातीचा आकडा म्हापशाच्या स्वयंपाकघरातच राहिलेला असतो, आणि तोही कुणी घेतलेला नसतो. नुसत्या शेवटच्या आकड्यावरून काहीच कळत नाही, कारण गोड वाइन साखरेने जड होते, मद्यार्काने हलकी होते, आणि नळीला या दोघांतला फरक कळत नाही. केशनळीचा विनोमीटर मिळतो, पण तो कोरड्या वाइनपुरता. गोव्याच्या घरगुती वाइनमध्ये साखर उदंड, त्यामुळे तो सरळ खोटं बोलतो.

मग उरतं पातेलं. वाइन मोजून घ्यायची, घनता लिहायची, उकळून निम्मी करायची म्हणजे मद्यार्क उडून जातो. मग डिस्टिल्ड वॉटर घालून मूळ मापापर्यंत आणायची आणि पुन्हा घनता घ्यायची. वाइन 0.994 आणि उरलेला द्रव 1.010 आला, तर फरक 0.016, म्हणजे सुमारे 12 टक्के. ताबारिए नावाच्या फ्रेंच माणसाचं हे गणित आहे, आणि मला ते फार आवडतं. बाटलीचा भूतकाळ माहीत नसला तरी चालतो.

पण इथे फरक इतका बारीक असतो की तापमान सगळं उधळून लावतं. बरेच हायड्रोमीटर 20 अंशांसाठी आखलेले असतात. पाणी 20 अंशांना 0.998 असतं, 35 ला 0.994. वाइन थंड असताना मोजली आणि उकळलेला द्रव धीर न धरता कोमट असतानाच मोजला, तर या चार हजारांशांमुळे बारा टक्क्यांची वाइन नवाच्या खाली येते. जयपुरात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणीच हाताला चटका देतं, तिथे पातेलं नळाखाली धरून काय थंड होणार? मी ते फ्रिजमधल्या पाण्यात ठेवतो आणि दोन्ही वाचनं एकाच तापमानाला आणतो. आमच्या घरी त्या दिवशी फ्रिजला हात लावायची कुणाची टाप नसते.

प्रयोगशाळेत एबुलिओमीटर होता. मद्यार्क जितका जास्त तितका द्रव लवकर उकळतो, एवढंच त्याचं तत्त्व. पण जयपूर समुद्रसपाटीपासून 430 मीटर उंच, इथे साधं पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. रोज आधी पाणी उकळून शून्य ठरवलं नाही, तर नळाचं पाणीसुद्धा दीड टक्का मद्यार्काचं ठरेल!

या शहराला ही दुरुस्तीची सवय जुनी आहे. पितळेची छोटी यंत्रं झिजतात आणि चुकीचं दाखवतात म्हणून राजा सवाई जयसिंहाने जंतरमंतर ही वेधशाळा दगडात उभी केली. त्याच्या पदरचे जगन्नाथ सम्राट महाराष्ट्रातले; टॉलेमीचा ग्रंथ अरबीवरून त्यांनी संस्कृतात आणला. तिथलं सम्राट यंत्र हे सूर्यघड्याळ 27 मीटर उंच, दोन सेकंदांपर्यंत वेळ सांगणारं. तरी मनगटावरच्या घड्याळाशी ते जुळत नाही. जयपूरची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या 27 मिनिटं मागे, आणि त्यात ऋतूप्रमाणे आणखी काही मिनिटांची भर-वजाबाकी. हे न सांगता आकडा सांगणारा वाटाड्या पर्यटकांना चुकवतो.

म्हणून मी "बारा" असं म्हणत नाही, "साडेअकरा ते साडेबारा" म्हणतो. सहकाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला वीस ऐकायचं असतं. वीस होणं शक्य नाही हे तर न मोजताही सांगता येतं: पावाचं यीस्ट पंधराच्या पुढे जाता जाता मरतं, वरून फेणी ओतली असेल तरच वीस. घशाला लागतो तो आल्या-लवंगांचा झटका. देशी दारूच्या बाटलीवरचं "अंडर प्रूफ" वाचून लोकांची अशीच गफलत होते. 1816 च्या इंग्रजी कायद्यातल्या साइक्सच्या हायड्रोमीटरपासून ते माप आलं. 100 प्रूफ म्हणजे 57.1 टक्के, म्हणून 50 अंडर प्रूफ म्हणजे जेमतेम साडेअठ्ठावीस.

यंदा मी सहकाऱ्याच्या आईला हायड्रोमीटर आणि थर्मामीटर दोन्ही पाठवले. बरणी भरल्या दिवशी तिचा निरोप आला: 1.092. तापमान लिहिलं नव्हतं. फोन करून विचारलं, तर म्हणाली, "तापमान? पाऊस पडत होता." मी 28 धरलं.